लिनक्स आलं, आता घरचा हिशोब कशात ठेवू?

पत्र असं आलंय:

"नमस्कार. लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं मस्त चाललंय, फक्त हिशोबाचं अडलंय. विंडोजवर एक जुनं विकतचं सॉफ्टवेअर होतं, त्यात आठ वर्षांचा डेटा आहे. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर उघडतं, पण रिपोर्ट काढायला गेलं की धाडकन बंद पडतं. आमच्याकडे दोन बँक खाती, एक क्रेडिट कार्ड, घराचं कर्ज आणि थोडे म्युच्युअल फंड एवढा पसारा आहे. नेटवर याद्या वाचून वाचून डोकं फिरलं, ग्नूकॅश, केमायमनी, होमबँक, स्क्रूज, अजून काय काय. नवरा म्हणतो एवढं कशाला, एक्सेल शीट पुरे. मला अकाउंटिंग येत नाही, डेबिट-क्रेडिट म्हटलं की पोटात गोळा येतो. बँकेतून व्यवहार आपोआप आले तर बरं, आणि नवऱ्यालाही बघता, भरता यायला हवं. नक्की कुठलं घेऊ? आणि उद्या तेही बंद पडलं तर? – हिशोबात अडकलेली"

ताई, नमस्कार.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. केमायमनी घ्या. दोन महिने वापरून नाहीच पटलं तर ग्नूकॅश. होमबँक छान आहे पण तुमच्या पसाऱ्याला पुरणार नाही. आणि नवऱ्याचं एक्सेल तूर्तास बाजूला ठेवा, त्याच्याकडे येऊच आपण.

आता कारणं. त्या याद्यांनी डोकं फिरणारच, कारण सगळ्यांपुढे तेच ते टिकमार्क असतात, बजेट आहे, ग्राफ आहे, रिपोर्ट आहे, आणि गंमत म्हणजे ते खरंच सगळ्यांत असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरतच नाही. ठरतं ते एका प्रश्नावर, की तुमचा पैसा किती ठिकाणी असतो आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे किती वेळा सरकतो. पगार एका खात्यात येतो, तिथूनच खर्च होतो, संपला विषय, असं असेल तर साधी वहीसुद्धा चालते. तुमची पाच-सहा ठिकाणं आहेत. अशा घरात खर्च लिहून ठेवणं सोपंच असतं हो, अवघड असतं ते जो खर्च नाहीच तो खर्चात धरला जात नाहीये ना हे बघणं.

म्हणजे कसं, समजा या महिन्यात कार्डावर 3,000 चे बूट घेतले. पुढच्या महिन्यात बँकेतून कार्डाचं बिल भरलं, 3,000. शीटमध्ये दोन्ही ओळी उतरवल्या की खर्च दिसतो 6,000 आणि घरात बूट एकच जोड. मग कोणीतरी सुचवतं की बिल तेवढं धरा, खरेदी सोडून द्या, तर मग वर्षाच्या शेवटी "कार्ड बिल" नावाचा एक भलामोठा आकडा उरतो आणि त्यात बूट किती, औषधं किती, प्रवास किती हे कळायला मार्ग नाही. आता कर्ज. हप्ता समजा 10,000, त्यात व्याज 6,000 आणि मुद्दल 4,000. खर्च फक्त 6,000 झाला, उरलेल्या 4,000 नी तुमचं देणं तेवढं उतरलं, तो पैसा गेला नाही, घराच्या मालकीत जमा झाला. वर ही फोड दर महिन्याला थोडी थोडी बदलते, व्याज उतरतं, मुद्दल चढतं. फंडाचंही तेच, बँकेतून 5,000 फंडात टाकले तर ते खर्च कसे होतील? पण बँकेच्या स्टेटमेंटवर हे सगळं एकसारखंच दिसतं, पैसे गेले, गेले, गेले.

याला इलाज म्हणजे दुहेरी नोंद. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला, आणि दोन्हीकडची रक्कम जुळलीच पाहिजे. कीर्द-खतावणीवाले पिढ्यानपिढ्या हेच करतात, इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणिती धर्मगुरूने 1494 मध्ये ही पद्धत पुस्तकात छापली तेव्हाही ती व्यापाऱ्यांत जुनीच होती, तेव्हा हे काही कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ नाही. बूट घेतले तेव्हा कार्डाचं देणं वाढलं आणि कपडे-चपला या खर्चात 3,000 पडले. बिल भरलं तेव्हा बँक कमी झाली आणि कार्डाचं देणं फिटलं, खर्चाला हात नाही. एवढंच आहे ते. डेबिट-क्रेडिट हे शब्द तुम्हाला बघायचीच गरज नाही, केमायमनीत तर कॉलम पैसे आले, पैसे गेले असेच असतात, आणि ग्नूकॅशसुद्धा आपणहून साधेच शब्द वापरतं, अकाउंटंट लोकांना त्यांचे शब्द हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात. तेव्हा तो पोटातला गोळा विरघळू द्या.

केमायमनीच का, ग्नूकॅश का नाही? दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त (म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला), दोन्ही दुहेरी नोंदीचे, दोन्हींना वीस वर्षांच्या वर झाली. फरक आहे तो तोंडावळ्याचा. केमायमनीत तुम्ही कॅटेगरी निवडता, आतमध्ये ते ती कॅटेगरी खात्यासारखीच हाताळतं पण तुम्हाला त्याचा पत्ता लागू देत नाही. विंडोजवरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची सवय असलेल्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. कर्जाचा विझार्ड, म्हणजे एकेक पायरीनं माहिती विचारणारी खिडकी, तर मला फार आवडतो, रक्कम, व्याजदर, मुदत, हप्ता यातला एखादा आकडा रिकामा सोडला तर बाकीच्यांवरून तो काढून देतो, आणि पुढे दर महिन्याचा हप्ता व्याज आणि मुद्दल असा फोडून समोर ठेवतो, तुम्ही फक्त हो म्हणायचं. बँकेच्या आकड्याशी थोडा फरक पडेल, बँका व्याज मोजण्याची पद्धत आपापली ठेवतात, घाबरू नका, कर्जाचं वार्षिक स्टेटमेंट आलं की दुरुस्त करून टाका. मिंटवर टाकताना हे सॉफ्टवेअर केडीई नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बऱ्याच लायब्ररी सोबत घेऊन येतं, डाउनलोडचा आकडा बघून काही जण नाकं मुरडतात, पण त्यानं काही बिघडत नाही, डिस्कवर थोडी जागा जाते इतकंच.

ग्नूकॅश हे या सगळ्यांतलं बुजुर्ग. 1997 मध्ये एक्स-अकाउंटंट या नावानं सुरू झालं, 1998 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि अजून व्यवस्थित चालू आहे. दिसायला म्हणाल तर सरकारी फॉर्मसारखं, पण कामाला चोख. उघडलं की मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च, भांडवल अशी खात्यांची झाडं समोर येतात आणि नवा माणूस तिथेच गारद होतो, हे मी पुष्कळदा बघितलंय. एखादी नोंद अर्धवट राहिली तर ते उरलेली रक्कम "इम्बॅलन्स" नावाच्या खात्यात टाकून ठेवतं, त्यामुळे ते खातं शून्य नसेल तर कुठेतरी गडबड आहे हे एका नजरेत कळतं, ही युक्ती मला मनापासून आवडते. तुमच्या दोघांपैकी कोणी फ्रीलान्स काम करत असेल, गिऱ्हाइकांना इनव्हॉइस पाठवायच्या असतील, तर मात्र मी सरळ ग्नूकॅशच सांगेन, ते त्यात आहे.

होमबँकला मी नाही म्हटलं ते रागानं नाही. ते मुळात 1995 मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर जन्माला आलं, नंतर लिनक्सवर आलं, हलकं आहे, जुन्या मशीनवर पळतं, आणि "वर्णनात अमुक शब्द दिसला तर तमुक कॅटेगरी लाव" असले नियम करून ठेवले की आयात केलेले व्यवहार बसल्या जागी लावून देतं. घरात कोणाची पहिली नोकरी लागली असेल, एक खातं, एक कार्ड, तर त्याला डोळे झाकून हेच द्या. पण ते खर्चाच्या वहीच्या अंगानं जातं, आपल्याच दोन खात्यांमधला व्यवहार अंतर्गत ट्रान्सफर म्हणून लावायचं भान तुम्हालाच ठेवावं लागतं, आणि कर्ज, फंड या गोष्टी त्यात ओढूनताणून बसवाव्या लागतात. स्क्रूजची खासियत म्हणजे फाइल सेव्ह करून बंद केल्यावरसुद्धा मागचा बदल अनडू करता येतो, आणि ते ग्नूकॅश, केमायमनी, होमबँक या सगळ्यांच्या फाइली वाचतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मनी मॅनेजर ईएक्सचं ॲन्ड्रॉइड ॲप आहे, त्यासाठी लोक तिकडे जातात. फायरफ्लाय थ्री आणि ॲक्चुअल बजेट यांची सध्या बरीच हवा आहे, दोन्ही ब्राउझरमधून चालतात, दिसायला देखणी आहेत, पण नवरा-बायको दोघांनी कुठूनही वापरायचं म्हटलं तर घरातच एक छोटा सर्व्हर सांभाळायची तयारी हवी, अपडेट, बॅकअप, सुरक्षा सगळं आपलं आपण. तो छंद असेल तर जरूर करा, नसेल तर नका त्या वाटेला जाऊ. आणि लेजर, एचलेजर, बीनकाउंट या मंडळींत हिशोब साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करायचा असतो, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवण्यावर जगणारे लोक त्याच्या प्रेमात असतात, पन्नास वर्षांनीसुद्धा कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल अशी फाइल, बात खरी आहे. पण नवऱ्याला भरता यायला हवं म्हणालात ना.

आता नवरोबांचं एक्सेल. लिनक्सवर ते लिबरऑफिस कॅल्क होईल, पण मुद्दा तोच. त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही, "पुढच्या वर्षी सुट्टीला जायचं तर महिन्याला किती बाजूला टाकू" असल्या प्रश्नाला शीटइतकं चांगलं काहीच नाही, ते ठेवाच. पण शीटला आठवण नसते. परवाच्या ओळीतला आकडा चुकून पुसला गेला, फॉर्म्युला एक ओळ वर संपला, सॉर्ट करताना एक कॉलम मागे राहिला, ती हूं की चूं करत नाही आणि बेरीज तेवढ्याच आत्मविश्वासानं दाखवते. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला उत्तर आहे, त्याचं नाव रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा जमवणं, आणि याद्यांमध्ये याच्याबद्दल कोणी धड लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महिन्याचं स्टेटमेंट हातात घ्यायचं. केमायमनीत त्या खात्यावर जाऊन ताळा सुरू केला की ते स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक विचारतं. समजा 41,280. मग त्या महिन्याचे व्यवहार समोर येतात, स्टेटमेंटवर जो जो दिसतोय त्याला टिक करत जायचं, टिक केलं की त्याच्यापुढे सी येतो, आणि खाली फरक दिसत असतो, तो कमी कमी होत जातो. शेवटी समजा 450 उरले आणि हटायला तयार नाहीत. मग शोधायचं, एक तर 450 चा एखादा व्यवहार भरायचा राहिलाय, किंवा 225 चा एखादा उलट्या बाजूला पडलाय, आले ते गेले झालेत, म्हणून दुप्पट फरक. आणि फरकाला नऊनं भाग जात असेल तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते, 540 च्या जागी 450 असं काहीतरी, हे जुन्या कारकुनांचं शस्त्र आहे आणि आजही चालतं. फरक शून्य झाला की ताळा पुरा करायचा, सगळ्या सींचे आर होतात, आणि पुढे त्यातल्या एखाद्या नोंदीला कोणी हात लावायला गेलं की सॉफ्टवेअर आधी टोकतं. एवढं झालं की तो महिना पक्का. शीटमध्ये हे हातानं करता येतं म्हणा, पण करतं कोण.

बँकेतून आपोआप व्यवहार यायचं म्हणाल तर ते देशावर आणि बँकेवर अवलंबून आहे. जर्मनीतल्या बँकांसाठी फिनटीएस नावाची उघडी व्यवस्था आहे आणि ग्नूकॅश, केमायमनी दोन्ही तिच्याशी थेट बोलू शकतात, तशी सोय बाकी बऱ्याच ठिकाणी नाही. मग काही सेवा म्हणतात तुमचा नेटबँकिंगचा पासवर्ड आम्हाला द्या, आम्ही आणून देतो. देऊ नका. माझं यावर दुमत नाही आणि वाद घालायचीही इच्छा नाही. महिन्यातून एकदा नेटबँकिंगमध्ये जाऊन स्टेटमेंट डाउनलोड करा, तो पाच मिनिटांचा खेळ आहे. फॉरमॅट निवडायला मिळाले तर ओएफएक्स घ्या, हा बँक व्यवहारांसाठीच बनवलेला फॉरमॅट, त्यात बँक प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळख क्रमांक देते, त्यामुळे तीच फाइल चुकून दोनदा टाकली तरी सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा ते व्यवहार ओळखतं. ते नसेल तर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले कॉलम असलेली साधी टेक्स्ट फाइल. सीएसव्हीत कॉलम कुठला कशाचा हे पहिल्यांदा दाखवून द्यावं लागतं, मग ती मांडणी सेव्ह होते. तिथे तारखेकडे डोळे फाडून बघा, 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे सॉफ्टवेअरला कसं कळणार, आणि आकड्यांतले स्वल्पविराम पण तपासा. पहिल्या आयातीनंतर चार-पाच ओळी स्टेटमेंटशी डोळ्यांनी पडताळून बघितल्या तरी पुरे.

रोखीचं काय, तर माझं मत जरा आळशी आहे. रोख काढली की "किरकोळ रोख" नावाच्या एकाच कॅटेगरीत टाकून मोकळं व्हा. प्रत्येक सुट्ट्या पैशाचा हिशोब लिहायचा निश्चय दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि सोबत सॉफ्टवेअर वापरणंच सुटतं. कॅटेगरींचंही तेच, केमायमनी सुरुवातीला तयार कॅटेगरींची लांबलचक यादी देऊ करतं, ती जशीच्या तशी घेऊ नका. पंधरा-वीस पुरतात. ज्या दोन कॅटेगरींमधला फरक कळून तुम्ही काही वेगळं करणार नसाल, त्या दोन ठेवायच्या कशाला?

आठ वर्षांचा जुना डेटा. इथे माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही: सगळा आणू नका. एक तारीख ठरवा, महिन्याची पहिली, त्या दिवशीची प्रत्येक खात्याची शिल्लक, कार्डाचं देणं, कर्जाची बाकी, फंडाची युनिट्स एवढं टाका आणि तिथून सुरू करा. आणायचाच असेल तर जुन्या सॉफ्टवेअरमधून क्यूआयएफ फाइल (हिशोब एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची) निघते का बघा, निर्यात केली तर ते बंद पडत नाहीये ना हे आधी कळू दे. क्यूआयएफ हा जुनाट फॉरमॅट आहे, त्यात व्यवहाराला ओळख क्रमांक नसतो आणि तारखेचा क्रमही ठरलेला नाही. दोन खात्यांमधला एक ट्रान्सफर दोन्ही खात्यांच्या फाइलीत एकेकदा लिहिलेला असतो, त्यामुळे आयात केल्यावर तो दोनदा आला नाही ना हे बघावं लागतं. म्हणून आधी एका कोऱ्या फाइलमध्ये करून बघा, प्रत्येक खात्याची शेवटची शिल्लक जुन्याशी जुळली तर ठेवा, नाही जुळली तर ती फाइल फेकून द्या आणि शिल्लक टाकून नवी सुरू करा. दुरुस्त्या करत रात्री जागवू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, तेही बंद पडलं तर? भीती खरी आहे. मायक्रोसॉफ्ट मनी एके काळी घरोघरी होतं, 2009 मध्ये कंपनीनं ते विकणं बंद केलं. मिंट नावाची हिशोबाची ऑनलाइन सेवा होती, तुमच्या लिनक्स मिंटशी तिचा संबंध नाही, ती 2024 मध्ये बंद झाली आणि लोकांना आपापला डेटा उचलून दुसरीकडे जावं लागलं. तेव्हा सॉफ्टवेअर बंद पडेल का यापेक्षा ते बंद पडलं तर माझे आकडे मला वाचता येतील का हे विचारा, आणि हे तुम्ही स्वतः तपासू शकता, अगदी आत्ता. केमायमनीच्या फाइलची एक प्रत करा, प्रतीच्या नावाला शेवटी टिंब आणि जीझेड लावा, आणि फाइल मॅनेजरमधून उघडा, ती साधी दाबून ठेवलेली टेक्स्ट फाइल आहे. आत तुमच्या कॅटेगरींची नावं, तारखा, दुकानांची नावं सगळं वाचता येतं. रक्कम मात्र गमतीशीर दिसेल, 125.37 असं न लिहिता 12537/100 असा अपूर्णांक लिहिलेला असतो. ग्नूकॅशच्या नेहमीच्या फाइलचंही असंच. कॉम्प्युटरला 0.1 आणि 0.2 ची साधी बेरीज करायला सांगितली तर तो आतल्या आत 0.30000000000000004 धरतो, ती भानगड पैशात नको म्हणून हे लोक पूर्णांकांतच हिशोब करतात. (नवऱ्याशी वाद घालताना हा मुद्दा काढू नका, घरखर्चाच्या शीटला त्यानं काडीचा फरक पडत नाही, ते लगेच पकडतील.) शिवाय स्क्रूज केमायमनीची फाइल वाचतं हे वर सांगितलंच, केमायमनी स्वतः ग्नूकॅशची फाइल वाचतं, म्हणजे बाहेर पडायच्या वाटा आधीच बांधलेल्या आहेत. उलटी वाट तेवढी अरुंद आहे, केमायमनीतून ग्नूकॅशला जायचं तर क्यूआयएफ किंवा सीएसव्हीनं जावं लागतं, म्हणून मी दोन महिन्यांत काय ते ठरवा म्हटलं, तेवढ्या नोंदी पुन्हा भरल्या तरी जीव जात नाही.

दोघांनी वापरायचं तर एकच नियम, एका वेळी एकानेच फाइल उघडायची. ही सॉफ्टवेअर घरातल्या एका माणसासाठी बनलेली आहेत. फाइल सिंकथिंग किंवा नेक्स्टक्लाउडनं (दोन मशीनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारी सॉफ्टवेअर) दोन्ही लॅपटॉपवर ठेवली तरी चालतं, पण दोघांनी एकदम उघडून दोघांनी सेव्ह केलं की दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या जुळवणं म्हणजे डोकेदुखी, त्यापेक्षा नवऱ्याला महिन्याच्या ताळ्याला शेजारी बसवा. दोन्हीकडे आवृत्ती एकच असू द्या, एकीकडे फ्लॅटपॅक या वेगळ्या मार्गानं टाकलेली नवी आणि दुसरीकडे डिस्ट्रोची (म्हणजे मिंटच्याच साठ्यातली) जुनी असं झालं की नवीनं सेव्ह केलेली फाइल जुनी घेईलच असं नाही. आणि फोनवरून भरायला मिळत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक व्यवहार स्टेटमेंटमधून येणारच आहेत.

पासवर्डचं थोडक्यात. ग्नूकॅशच्या फाइलला स्वतःचं कुलूप नाही, केमायमनीत जीपीजी की, म्हणजे एक डिजिटल किल्ली, वापरून फाइल एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करता येते, पण ती की हरवली की फाइल कायमची गेली, कोणी उघडून देणार नाही. लॅपटॉप बाहेर फिरत असेल तर मिंट टाकताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो तोच घेतलेला बरा. बॅकअप वेगळा, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर. हे मुद्दाम सांगतो कारण पुढे ग्नूकॅशकडे गेलात तर दिसेल की फोल्डर तारखा लावलेल्या प्रतींनी भरून गेलंय, ते आपोआप होतं, 30 दिवसांच्या प्रती ठेवायचं त्याचं मूळ सेटिंग आहे, लोक घाबरून त्या पुसतात किंवा उलट खूश होतात की बॅकअप झाला. पण डिस्क गेली की त्याही गेल्या.

फंडांचे भाव आपोआप आणायची सोय दोन्हींत आहे, पण ते भाव वेबसाइटवरून उचलले जातात आणि साइटनं मांडणी बदलली की मध्येच थांबतात. महिन्यातून एकदा हातानं टाकलात तरी चालेल, दहा फंड असतील तर गोष्ट वेगळी.

वाइनमधलं जुनं सॉफ्टवेअर आताच उडवू नका. नव्यात सलग दोन महिने दोन्ही बँक खात्यांचा आणि कार्डाचा ताळा शून्यावर आला की मग, आणि त्याआधी कोणाच्या तरी विंडोज मशीनवर ते चढवून आठही वर्षांचे वार्षिक रिपोर्ट आणि खातेनिहाय व्यवहारांची यादी पीडीएफमध्ये काढून घ्या. वाइनमध्ये रिपोर्ट काढताना ते पडतं म्हणालात, म्हणून हे दुसऱ्या मशीनवर करायचं. जुन्या डेटा फाइलची प्रत आणि इन्स्टॉलर असेल तर तोही त्याच पीडीएफांच्या शेजारी ठेवून द्या.